वाडा, कोठार आणि शेत लोकांसाठी राखायचं आहे. सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी दोन चौकांचा वाडा, त्यामागे सागवानी कोठार, गोठा, खळं, एक पेव (जमिनीखालचं धान्याचं साठवण) आणि एकोणीस एकर जमीन. सातबाऱ्यावर अकरा नावं. भावंडं पुण्याला, बडोद्याला आणि न्यू जर्सीत. वाड्यात आई एकट्या राहतात. प्रश्न विचारणाऱ्यांनी अमेरिकेत वर्माँटमधलं शेलबर्न फार्म्स पाहिलं; एका धनिक घराण्याची ती जुनी शेती आणि हवेली आता लोकांसाठी खुली आहे. आपल्या वाड्याचं तसं काही करता येईल का आणि आधी वास्तुतज्ज्ञाकडून आराखडा व खर्चाचा अंदाज करून घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

आराखड्याने सुरुवात करू नका. मी स्वतः जुन्या वास्तूंचे आराखडे करूनच पोट भरतो, तरी हेच सांगेन. घरात अजून कुणी कुणाशी नीट बोललेलं नसताना कागदावर ‘छप्पर दुरुस्ती : इतके लाख’ असा आकडा आला, की अकराही जणांना वाड्याची किंमत पहिल्यांदा दिसते. मग बोलणं जतनावरून वाटणीवर जायला वेळ लागत नाही. शिवाय त्या वाड्यात उद्या काय चालणार हेच ठरलेलं नसेल, तर आराखडा कशाचा करायचा?

शेलबर्न तुम्ही पाहिलंत ते आजचं. ते तसं कोणत्या क्रमाने झालं, हे तुमच्या जास्त उपयोगाचं आहे. डॉ. विल्यम सेवर्ड वेब आणि त्यांच्या पत्नी लीला (या रेल्वेवाल्या व्हँडरबिल्टांच्या कन्या) यांनी १८८६ पासून शँप्लेन सरोवराकाठची शेतं एकामागून एक विकत घेतली आणि सुमारे ३,८०० एकरांची मालमत्ता उभी केली. इमारती रॉबर्ट रॉबर्टसन यांच्या. जमिनीच्या मांडणीसाठी न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घडवणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांचा सल्ला घेतला होता. १८९१ च्या सुमाराला बांधलेलं तिथलं घोड्यांच्या पैदाशीचं बार्न (बार्न म्हणजे जनावरं किंवा धान्य ठेवायची शेतावरची मोठी इमारत) ४१८ फूट लांब आणि १०७ फूट रुंद आहे. हॅकनी जातीचे घोडे आणून आसपासच्या शेतकऱ्यांच्या जनावरांची जात सुधारायची, असा वेब यांचा बेत होता. पुढे मोटार आली आणि बेत बारगळला. नंतरच्या पिढ्यांना एवढ्या इमारती पोसणंच जड जाऊ लागलं. तुमच्या घरात वीस-तीस वर्षं जे चाललं असेल, तेच तिथे मोठ्या मापात चाललं होतं.

१९७२ साली वेब यांच्या पणतवंडांनी एक ना-नफा संस्था काढली. संस्थेकडे तेव्हा मालमत्ता नव्हती; ती वडिलांच्या, डेरिक वेब यांच्या हातात होती. मुलांनी त्या जागेत शाळकरी पोरांसाठी कार्यक्रम, शिबिरं, मैफली असं करून पाहायला सुरुवात केली. डेरिक वेब १९८४ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राने मालमत्ता संस्थेकडे आली. म्हणजे संस्था आधी झाली आणि मालमत्ता तिच्याकडे बारा वर्षांनी आली. त्या बारा वर्षांत घराला कळलं की हे पोरांचं खूळ नाही आणि गावाला कळलं की हे लोक इथे राहणार आहेत. राहत्या हवेलीत १९८७ मध्ये हॉटेल सुरू झालं, ते घोड्यांचं अवाढव्य बार्न १९९४ मध्ये संस्थेच्या ताब्यात आलं आणि २००१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. दर्जा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे लोक ‘आमचा वाडा हेरिटेज यादीत घालून द्या’ असा अर्ज हातात घेऊनच येतात.

हा क्रम उचलण्यासारखा आहे. बाकीचं जपून घ्या. व्हँडरबिल्ट हे नाव, देणगीदारांच्या ओळखी, हाकेच्या अंतरावरचं बर्लिंग्टन शहर हे तुमच्याकडे नाही. आणखी एक मोठा फरक कायद्याचा. अमेरिकेत जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क कायमचा सोडून दिल्याचा करार करता येतो. जमीन मालकाचीच राहते, पुढचा मालकही त्या कराराने बांधला जातो आणि करसवलतही मिळू शकते. त्या तोडीची सोय आपल्या खेड्यातल्या शेतजमिनीला नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळा भार संस्थेच्या घटनेवर आणि दस्तांच्या भाषेवर येतो.

आता तुमच्याबद्दल. पहिल्या टप्प्यात मालकी कुणाच्याही नावे करू नका. गावातच दोन-तीन घरची आणि चार-पाच बाहेरची माणसं घेऊन संस्था काढा. सार्वजनिक न्यास हवा की कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, हे वकिलाशी बसून ठरवा. मला न्यास बरा वाटतो, कारण धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं आणि गावातल्या माणसालाही ते माहीत असतं. वाड्याचा पुढचा चौक आणि कोठार संस्थेला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सने पाच वर्षांसाठी वापरायला द्या. सह्या मात्र सगळ्या सहहिस्सेदारांच्या घ्या. आत्या आणि बहिणी धरून. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. ‘तिला काही नको आहे’ हे भावाने सांगून भागत नाही. तिने स्वतः सांगावं आणि खरंच नको असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं.

न्यू जर्सीच्या भावाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा असतो. हे हमखास राहून जातं. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर दोन गोष्टी आधी त्याला सांगा. वारसाने आलेला शेतजमिनीचा हिस्सा त्याच्या नावावर राहू शकतो, पण बाकीच्यांना आपला शेतजमिनीचा हिस्सा त्याला बक्षीस देता येत नाही. आणि त्याची देणगी विदेशी देणगी ठरते. ती घ्यायला एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी लागते, जी संस्था किमान तीन वर्षं काम करत असल्याशिवाय साधारणपणे मिळत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची स्वतःची मिळकत मात्र विदेशी देणगीत धरत नाहीत. तेव्हा छपरासाठी पहिली तीन-चार वर्षं कुणाच्या डॉलरवर भिस्त ठेवायची, हे आधी पासपोर्ट पाहून ठरवा.

जमीन आणि वाडा वेगळे ठेवा. वाडा गावठाणात आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तुमच्या गावात स्वामित्व योजनेची (गावठाणातल्या मिळकतींची) ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर कुणाची नावं लागली आहेत ते आधी बघा. चुकली असतील तर आताच दुरुस्त करून घ्या. एकोणीस एकर शेती न्यासाच्या नावे करायला जाऊ नका. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमिनीची विक्री, बक्षीस किंवा भाडेपट्टा करायचा तर परवानगी लागते, आणि ती फाईल किती दिवस फिरेल हे कुणी सांगू शकत नाही. शेती घरच्यांच्या नावावर राहू द्या आणि शेतावर काय चालेल याचा संस्थेशी करार करा. पाच-सात वर्षांनी सगळं रांगेला लागलं, तर वाडा आणि कोठार न्यासाला द्या. तेव्हा मात्र पक्कं मन करून द्या. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि ‘आता आम्हाला परत हवी’ असं म्हणता येत नाही. देवघर, नवरात्र, कुळधर्म यांचे हक्क घराला ठेवायचे असतील तर दिवसांसकट दस्तात लिहा. तोंडी ठरलेलं पुढच्या पिढीत भांडणाला कारण होतं.

पैशाबद्दल लोक दुरुस्तीचा आकडा विचारतात. विचारायला हवा तो दरसालचा. दुरुस्ती एकदा देणगीतून निघते. दरवर्षी मृगाच्या आधी कौलं उतरवून शाकारणी, फुटकी कौलं, वाळवीचा बंदोबस्त, विजेचं बिल, विमा, एका माणसाचा पगार, संडासाची सफाई यासाठी देणगी द्यायला कुणी पुढे येत नाही. समजा हे सगळं वर्षाला सहा लाख झालं आणि ठेवीवर सहा टक्के मिळाले, तर एक कोटीची गंगाजळी हवी. तीही महागाई शून्य धरून. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने हे फार आधी ओळखलं. मोठमोठी घराणी आपली हवेली द्यायला येतात, तेव्हा सोबत देखभालीपुरता निधी किंवा उत्पन्नाची जमीन आहे का, हे तो ट्रस्ट आधी पाहतो. नसेल तर सहसा नाही म्हणतो. त्यांच्याकडे ऑक्सफर्डशायरमध्ये ग्रेट कॉक्सवेलचं तेराव्या शतकाच्या अखेरचं बार्न आहे. सिस्टर्शियन मठाचं धान्य साठवायला बांधलेलं, १५२ फूट लांब, दगडी भिंती आणि आत ओकच्या खांबांच्या रांगा. आत बघायला दुसरं काहीही नाही. दुकान नाही, तिकीट खिडकी नाही. ते असं रिकामं, शांत राहू शकतं कारण १९५६ मध्ये अर्नेस्ट कुक (प्रवासी कंपनीवाल्या टॉमस कुकचे नातू) यांच्या मृत्युपत्राने ते ट्रस्टला मिळालं, तेव्हा सोबत बस्कॉट आणि कोल्सहिल या दोन मोठ्या जमीनदाऱ्याही आल्या. शेतांचा खंड आणि घरांचं भाडं येत असतं. शेलबर्नमध्येही तसंच: ब्राउन स्विस गाई, त्यांच्या दुधाचं चेडर चीज, हॉटेल, देणग्या. बार्नने एकट्याने कमवावं, अशी अपेक्षा दोन्हीकडे नाही.

तुमची कमाई तुमच्या एकोणीस एकरांत आहे. हळद, गूळ, तांदूळ जे होत असेल ते कोठारातून, वाड्याच्या नावाने विका. दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढता येतील. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्याखाली नोंदणी करा. पण लग्नाचे हॉल आणि ‘वाडा थीम’चं रेस्टॉरंट यांपासून लांब राहा. पैसा लवकर येतो हे खरं. त्याबरोबर मांडव ठोकायला खांबांत खिळे, चौकात गॅसच्या शेगड्या, जुन्या तक्तपोशीखाली हॅलोजन आणि रात्री अकरापर्यंत डीजे हेही येतं. सागवान जळायला एवढं पुरतं. तसंच ‘जुन्या वस्तूंचं संग्रहालय’ही नको. पाटा-वरवंटा, जातं, पितळी घंगाळ, कंदील. अशा संग्रहालयांना आता तोटा नाही आणि दुसऱ्यांदा तिथे कुणी जात नाही.

मी तुमच्या जागी असतो तर कोठाराला धान्याचंच काम दिलं असतं. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी मातीच्या घरातल्या मडक्यांपासून गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कृष्णाकाठची ज्वारी, भात, हरभरा, पावटा यांची बी राखणारी, दर हंगामात घेणारी-देणारी बँक तुमच्या कोठारात चालली तर गावची माणसं स्वतःच्या कामासाठी तिथे येतील. गाव आलं नाही तर पुण्याचे पर्यटक फार वर्षं वाडा टिकवणार नाहीत. शाळा मागोमाग येतात.

कोठारावरून एक गोष्ट बोलावीच लागेल. तुम्ही दिलेली मापं बघता ते एकोणीस एकरांच्या पिकासाठी बांधलेलं नाही. त्यात कुळांनी घातलेला खंड भरला जायचा. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला, ‘कसेल त्याची जमीन’ या न्यायाने, कुळं मालक झाली आणि कोठारं रिकामी पडली. वाडा लोकांसाठी उघडायचा तर ज्यांच्या पाठीवरून ती पोती आत आली, त्यांची नातवंडं तिकीट काढून येणार आहेत. भिंतीवर फक्त तुमच्या पणजोबांची तसबीर आणि सनदा लावल्यात तर ती एकदाच येतील. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना बोलवा, कोठारात बसवा, माप कोण घालायचं, पायलीला काय व्हायचं, दुष्काळात काय झालं ते बोलतं करा आणि ध्वनिमुद्रण करून ठेवा. हे काम छपराच्या आधी करा. छप्पर दोन वर्षं ताडपत्रीवर थांबेल, ऐंशी-नव्वदीतली माणसं थांबणार नाहीत. सलोखा नसेल तर तेही लिहून ठेवा. साताऱ्या-सांगलीच्या कित्येक वाड्यांत १९४८ च्या, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत गेलेले खण (दोन खांबांमधले भाग) अजून उघडे आहेत, आणि त्याबद्दल पाहुण्यांना कुणी काही सांगत नाही.

इमारतीकडे आता येऊ. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती सोप्यातल्या चकचकीत फरशीची. लाकडी खांब मुळात दगडी तळखड्यावर उभा असतो; तळखडा जमिनीच्या वर चार बोटं असतो, म्हणून धुतलेलं पाणी लाकडाला लागत नाही. मागच्या पिढीत कुणीतरी शेणाची जमीन काढून खाली काँक्रीट आणि वर शहाबादी घातली. जमीन उंच झाली, तळखडा पोटात गेला आणि खांबाचा बुंधा सिमेंटमध्ये रुतला. सागवान वरून खणखणीत दिसतं. एक काम करा: हातोडीच्या दांड्याने खांबावर खालपासून वर ठोकत जा. वर टणक आवाज येईल, खाली वीतभर बद्द येईल. तिथे पेचकस टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर बुंधा कुजला आहे. घाबरून खांब बदलायचा नाही आणि शेजारी लोखंडी आय-बीमही उभा करायचा नाही. तुळईला धिरे देऊन, जॅकने केसभर उचलून कुजका भाग कापायचा आणि जुन्या सागाचा तुकडा तिरपा सांधा करून बसवायचा. मग भोवतीची फरशी फोडून तळखडा पुन्हा मोकळा करायचा. हे करणारे सुतार अजून आहेत, पण ते ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये सापडत नाहीत. जवळपासच्या देवळांच्या लाकूडकामाची दुरुस्ती कुणी केली ते विचारत जा.

भिंतींचंही तसंच. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही. भिंत आतून भुसभुशीत होते, पोट काढते आणि एखाद्या पावसाळ्यात गिलाव्याचा पापुद्रा धरून सगळीच खाली येते. तो गिलावा उतरवा, पण एकदम सगळ्या भिंतीचा नको. वावभर उतरवा, सुकू द्या, चुन्याचा गिलावा करा, मग पुढे जा. चुना निदान महिनाभर भिजलेला असावा. गूळ, मेथी, हिरड्याचं पाणी घालायची पद्धत खरी आहे, पण त्याचं स्तोम माजवणाऱ्या कारागिरापेक्षा चुना नीट मळणारा घ्या. पिंपळाची रोपं उपटू नका. वर कापून मुळाला औषध लावा, नाहीतर मुळाबरोबर चार दगड निघतील.

यंदाच्या पावसाळ्यापुरतं इतकंच करा: गळक्या भागावर ताडपत्री, पन्हाळी आणि चौकातली मोरी साफ, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर जाईल असा चर. शिवाय सगळ्या वाड्याचे, प्रत्येक खणाचे फोटो, तारखेसकट. मोजणी आणि आराखडा पुढच्या वर्षी.

पेवाचं मात्र आजच बघा. त्यात कुणालाही उतरू देऊ नका, स्वच्छ करायलासुद्धा. बंद पेवात दूषित वायू साचतो आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. जुनी माणसं तोंड उघडून बराच वेळ थांबत, मग दिवा सोडून बघत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ खराब झाली. तिथल्या जुन्या हमालांना विचाराल तर तेही हेच सांगतील. तोंडावर जड लोखंडी जाळी बसवून कुलूप घाला. लोकांना दाखवायचं झालं तर वरून, उजेड सोडून.

शेवटी आईंबद्दल विचारलंत. वाड्याचं काही होवो, त्यांची राहण्याची जागा पहिल्याच लिव्ह अँड लायसन्समधून वगळा आणि पुढे न्यासाला दस्त करताना त्यांचा तहहयात राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट घाला: कोणत्या खोल्या, कोणतं दार, कोणता संडास. मागचा चौक, माजघर आणि देवघर त्यांच्याकडे ठेवा. पाहुण्यांची ये-जा पुढच्या दिंडीदरवाजाने. दुपारी एक ते चार कुणालाही आत सोडायचं नाही, हे वेळापत्रकात छापा. आणि संस्थेच्या पहिल्या बैठकीला त्यांना बोलवा, कारण कोणत्या खणात दर आषाढात पाणी येतं हे अकरा सहहिस्सेदारांत फक्त त्यांनाच माहीत आहे.